दुखत नाही तिथे बघायचं : ठाण्यातली ल्युपसची ओपीडी

(दृश्य : ठाणे पश्चिम, सकाळची रिक्षांची रांग. तिथून एका हॉस्पिटलची ओपीडी.)

सकाळचे साडेनऊ. डॉक्टर अजून राऊंडवर आहेत, येतील तेव्हा येतील, पण बाहेरच्या टेबलावर सिस्टरचं काम कधीच सुरू झालंय. आज रुमॅटॉलॉजीची ओपीडी, म्हणजे लोकांच्या भाषेत सांध्यांची. बाकड्यांवर गुडघेवाले काका, आमवातवाल्या मावश्या, आणि मधूनच एखादी पंचवीस-तीसची मुलगी, तोंडाभोवती स्कार्फ, मांडीवर रिपोर्टांनी फुगलेली प्लॅस्टिकची पिशवी. बाजूची मावशी हमखास विचारणार, "एवढ्या लहान वयात काय गं झालं तुला?" मुलगी सांगते, ल्युपस. मग "म्हणजे काय" हे समजावता समजावता तिचा नंबर येतो.

आपणही थोडक्यात समजून घेऊ. पूर्ण नाव सिस्टेमिक ल्युपस एरिथेमॅटोसस, फाईलवर नुसतं एसएलई. शरीराची प्रतिकारशक्ती जंतू सोडून आपल्याच पेशींच्या मागे लागते, आणि तेही एका जागी नाही, त्वचा, सांधे, किडनी, रक्त, फुप्फुसाचं आवरण, कधी कधी मेंदूसुद्धा. दर 10 पेशंटमध्ये साधारण 9 बायका, आणि बहुतेकींना तो 15 ते 45 या वयात गाठतो, म्हणजे शिक्षण, नोकरी, लग्न, बाळंतपण सगळं ज्या काळात चालू असतं नेमका तेव्हाच. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. हे मोठ्याने सांगतोय कारण ताट-वाटी वेगळी ठेवणारी घरं अजून आहेत.

आणि हो, एएनए टेस्ट (आपल्याच पेशींविरुद्धच्या अँटीबॉडी, म्हणजे प्रतिकारशक्तीची प्रोटीन, शोधणारी रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आली म्हणजे ल्युपस झालाच असं धरून रात्रभर मोबाईलवर वाचत बसू नका. ती धडधाकट माणसांतही पॉझिटिव्ह येते. ल्युपस ओळखायच्या 2019 च्या आंतरराष्ट्रीय निकषांमध्ये एएनए ही फक्त पहिली पायरी आहे, पुढे लक्षणं आणि बाकीचे रिपोर्ट यांचे गुण मोजतात, 10 किंवा जास्त झाले तर ल्युपस म्हणतात. तेही डॉक्टरांनी ठरवायचं.

आपला व्हिडिओ सिस्टरच्या टेबलाबद्दल आहे. केस गळतायत, बोटं आखडतात, गाल लाल होतात, जीव थकून जातो, हे सगळं पेशंट स्वतःच सांगते आणि ते खरंच असतं. पण या आजारात जे सगळ्यात जास्त नुकसान करतं त्यातलं बरंचसं दुखतच नाही, त्यामुळे ते सांगायला कोणी येत नाही. ते शोधून काढावं लागतं, आणि त्याची सुरुवात बहुतेक वेळा याच टेबलावर होते.

(क्लोजअप : वजनकाटा, बीपीचा पट्टा, मग पायावर सिस्टरचा अंगठा.)

समोर ऐरोलीला नोकरी करणाऱ्या एक ताई आहेत, सोबत दीर आलाय. "चप्पल काढा ताई, काट्यावर उभ्या राहा." मागच्या वेळेपेक्षा वजन दोन किलोने जास्त. बीपी 150 बाय 96. मग सिस्टर खाली वाकते आणि नडगीच्या हाडावर अंगठा दाबून धरते, सोडल्यावर तिथे खळगा तसाच राहतो.

"जोडवी घट्ट होतायत का?"
"हो ना, एक तर काढूनच ठेवलं. मला वाटलं उन्हाळ्याने सुजतात."
"सकाळी डोळे?"
"जड असतात. झोप होत नाही त्यामुळे असेल."
"लघवीला फेस?"

इथे ताई गप्प. सिस्टरने एकदा दिराकडे बघितलं, केस पेपर हातात दिला, म्हणाली दादा जरा खिडकीवरून शिक्का मारून आणता का. तो गेल्यावर ताई म्हणाल्या, येतो, ताक घुसळल्यावर येतो तसा, पाणी ओतलं तरी जात नाही, पण दुखत काही नाही म्हणून बोलले नाही.

हे शिक्का मारायला पाठवणं कुठल्या पुस्तकात नसेल, पण मला विचाराल तर त्या सकाळचं सगळ्यात भारी काम तेच होतं.

वजन, बीपी, पायावरचा खळगा आणि फेस, हे चारही एकत्र आले की पहिला संशय किडनीवर. ल्युपसच्या साधारण दहातल्या चार-पाच पेशंटना कधी ना कधी किडनीचा त्रास होतो आणि सुरुवातीला तो अजिबात जाणवत नाही. सिस्टर लघवीची बाटली हातात देते, पण त्याआधी पाळी चालू आहे का विचारते, कारण पाळीचं रक्त मिसळलं तर लघवी तपासायची रंगीत चौकोनांची पट्टी चुकीचं काहीतरी सांगणार. पट्टी बुडवायची, बाहेर काढायची, घड्याळ लावून थांबायचं, मग डबीवरच्या रंगांशी ताडून बघायचं. प्रोटीनचा पिवळा चौकोन हिरवा होत गेला म्हणजे किडनीतून प्रोटीन गळतंय. मग लॅबमध्ये प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो, म्हणजे नेमकं किती प्रोटीन गळतंय याचं माप, तो 0.5 च्या वर गेला आणि तसाच राहिला तर डॉक्टर बायोप्सीचं, म्हणजे सुईने किडनीचा बारीक तुकडा काढून तपासायचं, बोलतात. बायोप्सी झाल्यावर परत नर्सिंगचंच काम, काही तास पाठीवर सरळ झोपवून ठेवायचं, थोड्या थोड्या वेळाने नाडी-बीपी बघायचं, आणि दर वेळची लघवी भांड्यात घेऊन रंग बघायचा, लाल दिसली की लगेच कळवायचं.

(दृश्य : टॉर्च, पेशंटचं तोंड, मग हाताची बोटं.)

"आ करा." टॉर्च टाळूवर. आपण म्हणतो ना तोंड आलंय, ते झोंबतं, तिखट खाता येत नाही. ल्युपसमधले फोड मात्र बऱ्याचदा वर टाळूला असतात आणि झोंबत नाहीत, त्यामुळे पेशंटला त्यांचा पत्ताच नसतो, टॉर्च मारल्याशिवाय दिसत नाहीत.

मग चेहरा. दोन्ही गाल आणि नाकाचा दांडा लालसर, पण नाकाच्या कडेपासून ओठांकडे जी घडी उतरते ती बहुतेक वेळा कोरी राहते, सिस्टर ती घडीच बघते. घरी याला वांग समजतात, मेडिकलमधून कुठलंतरी क्रीम आणून महिनोन्महिने चोळतात, त्यात कधी कधी स्टेरॉईड असतं आणि मग मूळ लाली कुठली आणि क्रीमची कुठली हेच कळेनासं होतं.

बोटं एसीत पांढरी-निळी पडतात का? (ऑफिसच्या थंडगार मजल्यावर बसणाऱ्यांना हे नक्की आठवतं.) सकाळी हात मोकळे व्हायला किती वेळ लागतो, पाच मिनिटं की तासभर? खोल श्वास घेताना छातीत कळ येते? एकाच पायाची पोटरी सुजलीय का? हा शेवटचा प्रश्न रक्ताच्या गुठळीसाठी, कारण काही जणींच्या रक्तात गुठळ्यांचा धोका वाढवणाऱ्या अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडी असतात. आणि घरच्यांना वेगळं विचारायचं, हल्ली विसरते का, विचित्र वागते का, कधी फिट आली का.

आता गोळ्या. पिशवीतून रिकाम्या स्ट्रिपा बाहेर काढायच्या आणि मोजायच्या, "घेते मी वेळेवर" या वाक्यावर सिस्टर विश्वास ठेवत नाही, हसून ठेवत नाही पण ठेवत नाही.

सगळ्यात महत्त्वाची गोळी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन. हो, तीच, 2020 च्या मार्चमध्ये कोरोनावर चालते म्हणून लोकांनी घरात साठवली होती ती. सरकारने तेव्हा निर्यात थांबवली, चिठ्ठीशिवाय विकायची नाही म्हणून शेड्यूल एच1 चे नियम लावले, पण ज्यांची ही रोजची गोळी होती अशा ल्युपसच्या पेशंटना मेडिकलच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. कोरोनावर तिचा काही उपयोग नाही हे नंतर मोठ्या चाचण्यांत दिसलं. ल्युपसमध्ये मात्र आजार पुन्हा उसळू नये म्हणून हीच गोळी वर्षानुवर्षं चालते.

हिचा डोस वजनावर, दिवसाला किलोमागे 5 मिलिग्रॅमच्या आसपास ठेवायचा, त्याच्या वर नको. म्हणजे 48 किलोच्या बाईला रोज 400 ची गोळी जास्त होते, आणि म्हणून तो वजनकाटा दर वेळी. पुन्हा न दुखणारी गोष्ट इथेही आहे, डोळ्याचा पडदा. गोळी वर्षानुवर्षं घेतल्यावर काही जणांच्या पडद्यावर परिणाम होतो आणि नजर कमी झाल्याचं लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून सुरुवातीच्या वर्षात एकदा डोळे तपासायचे आणि पाच वर्षांनंतर दर वर्षी, ओसीटी (पडद्याचं स्कॅन) आणि फील्ड टेस्ट (नजरेचा घेर बघणारी). चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे ही तपासणी झाली असं नाही.

प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या स्टेरॉईडच्या गोळीबद्दल तर दर घरात एक जाणकार असतोच. "बंद कर ते, तोंड बघ कसं सुजलंय." तोंड गोल होतं, शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात, जांघेत दुखायला लागलं तर खुब्याचं हाड बघावं लागतं, सगळं खरं आहे आणि म्हणूनच डॉक्टर डोस खाली आणत आणत 5 मिलिग्रॅम किंवा त्याच्या खाली न्यायला बघतात. पण काही आठवडे गोळी चालू असेल तर शरीर स्वतःचं स्टेरॉईड बनवणं कमी करतं, अशात एका दिवसात गोळी बंद केली तर बीपी खाली जाऊन जिवावर बेतू शकतं. सिस्टर हे पेशंटला सांगते आणि त्या घरच्या जाणकाराला आत बोलावून पुन्हा सांगते. अंगदुखीवर परस्पर पेनकिलर घेऊ नका, किडनीवर येतं, हेही त्याच दमात.

(दृश्य : दुपारचं ऊन, स्टेशनचा पूल, छत्र्या.)

ऊन. ठाण्यात ते टाळणार कसं, स्टेशनच्या पुलापासून रिक्षा स्टँडपर्यंतच भाजून निघतो माणूस. पण ल्युपसमध्ये उन्हाने नुसती कातडी लाल होत नाही, आतला आजारही उसळू शकतो. त्यामुळे छत्री, पूर्ण बाह्या, एसपीएफ 50 दर दोन-तीन तासांनी, आणि खिडकीजवळची सीट नको, कारण यूव्हीए किरणं काचेतूनही येतात. ठाणे-वाशी लोकलमध्ये उन्हाची बाजू कुठली हे या ताईंना आता पाठ झालंय.

पावसाळा आला की सिस्टरला खरी धास्ती तापाची. आपल्याकडे जुलैपासून डेंग्यू, मलेरिया, लेप्टो सगळं एकदम सुरू होतं. डेंग्यूत प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी कमी होतात, ल्युपस उसळला तरी तेच होतं, मग ओळखायचं कसं? सीआरपी (अंगातली सूज-दाह दाखवणारी रक्ततपासणी) बराच वाढलेला असेल तर इन्फेक्शनकडे बोट जातं, सी3-सी4 (रक्तातली प्रतिकारशक्तीची प्रोटीन) खाली आणि डीएस-डीएनए (आपल्याच डीएनएविरुद्धच्या अँटीबॉडी) वर असेल तर ल्युपसकडे, पण हे काही गणित नाही, दोन्ही एकदम असू शकतं. त्यात स्टेरॉईडमुळे ताप दबलेला असतो, अंग तापत नाही पण माणूस आतून बिघडत जातो. म्हणून सिस्टरचा नियम साधा आहे, 100.4 ताप आला की घरगुती काढा बाजूला ठेवायचा आणि त्याच दिवशी यायचं, मग रविवार असो की दहीहंडी. साचलेल्या पाण्यातून चालून आलात तर तेही सांगायचं. फ्लू आणि न्यूमोकोकलची लस घ्यायची, जिवंत जंतूंच्या लसी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीत.

आणि सगळ्यात नाजूक विषय, लग्न आणि मूल. खूप जणींना अजून सांगितलं जातं की तुला मूल होणारच नाही. असं नसतं. आजार किमान सहा महिने शांत असेल आणि आधीपासून ठरवून केलं तर बहुतेकींचं बाळंतपण नीट होतं. अडचण येते ती न ठरवता दिवस गेले तर, कारण मायकोफेनोलेटसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी बाळाला घातक आहे, ती किमान सहा आठवडे आधी बंद करून दुसरी चालू करावी लागते. म्हणून सिस्टर दर वेळी पाळीची तारीख लिहिते. कोणी गर्भनिरोधक गोळीचं विचारलं तर आधी अँटीफॉस्फोलिपिडचा रिपोर्ट काढायला लावते, गोळीतल्या इस्ट्रोजेन हार्मोनने गुठळीचा धोका वाढतो. दिवस गेले की सासूबाई सगळ्या गोळ्या बंद करायला लावतात, तिथे सिस्टर फोनवर सासूबाईंशीच बोलते, "आई, ही हायड्रॉक्सीक्लोरोक्विन बाळासाठीही चांगली आहे, ही बंद करायची नाही." आणि आईच्या रक्तात अँटी-रो नावाची अँटीबॉडी पॉझिटिव्ह असेल तर थोड्या बाळांच्या हृदयाचे ठोके मंदावू शकतात, शंभरात एक-दोन, म्हणून सोळाव्या आठवड्यापासून बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी करतात, त्याच्या तारखा ती केस पेपरच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहून ठेवते.