आकडा आजोबांचा, दुखणं आजीचं

नमस्कार श्रोतेहो. कापूस वेचता वेचता ऐकत असाल, म्हणून आज एकच गोष्ट बोलतो. सीईए नावाची रक्ततपासणी. सीईए म्हणजे रक्तात मोजायचं एक प्रथिन.

१९६५ साली कॅनडात गोल्ड आणि फ्रीडमन या दोन डॉक्टरांना हे प्रथिन मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या गाठीत सापडलं. बिडी न ओढणाऱ्याचा आकडा साधारण ३ च्या आत, ओढणाऱ्याचा ५ पर्यंत. एवढं पुरे.

आमच्या दवाखान्यात एक आजोबा आले, आजीला घेऊन. बियाण्याच्या पिशवीत आजोबांचा रिपोर्ट. कुठल्याशा शिबिरात पॅकेज घेतलेलं. (ही पॅकेजं विकणाऱ्यांनी रिपोर्ट मराठीत का देऊ नये?) सीईए ६.२, ठळक अक्षरात.

"डॉक्टर, वावर पोरांच्या नावानं करून टाकलं म्या."

"बाबा, बिडी किती?"

"दिवसाले एक कट्टा."

बिडीनं हा आकडा वाढतो. लिव्हरच्या दुखण्यानं, आतड्याच्या सुजेनंही वाढतो. तरी नागपूरला पाठवून दुर्बिणीतून आतडं पाहून घेतलं. स्वच्छ. बिडी सुटली, आकडाही उतरला.

पण त्या पहिल्या दिवशी उठता उठता आजी हळूच म्हणाली, "मले तं सहा महिने झाले, संडासातून रक्त पडते. मुळव्याध असंन."

घरात कोणालाच माहीत नव्हतं. कळल्यावर सुनेनं सावजी रश्शाला दोष दिला. सावजीला उगाच बदनाम करतात, मी स्वतः खातो. आजीचं सीईए निघालं २.१. अगदी सरळ. आणि दुर्बिणीत मोठ्या आतड्यात गाठ!

म्हणून सांगतो, सीईए वाढलं म्हणजे कॅन्सर झालाच असं नाही. पुन्हा सांगतो, सीईए सरळ आलं म्हणजे कॅन्सर नाहीच, असंही नाही. संडासातून रक्त पडत असेल तर आकड्याची वाट पाहू नका, दुर्बिणीची तपासणी करा.

मग ही सीईएची तपासणी कामाची कधी? ऑपरेशननंतर. दर तीन ते सहा महिन्यांनी रक्त द्यायचं. आकडा चढत गेला तर गाठ पुन्हा उठते आहे का, ते शोधायचं. सोबत सीटी स्कॅन आणि दुर्बीणही लागते.

आजीचं ऑपरेशन झालं. आता दोघं एसटीनं येतात. परवा आजोबांनी सवयीनं रिपोर्टचं पाकीट फोडायला घेतलं, तर आजीनं हातातून ओढलं.

"आण इकडे. यावेळी आकडा माहा हाये."