बाकीची नावं

(वाचनालयाच्या वार्षिक व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. या व्याख्यानमालेला मी गेली वीस-बावीस वर्षं समोरच्या खुर्च्यांवर बसून हजेरी लावते आहे. यंदा संयोजकांनी विचारलं, तुम्ही पुरस्कार सोहळे इतके मन लावून बघता, तर त्यावरच बोला. मी लगेच हो म्हटलं. दिवसभर मी बेळगावच्या खडेबाजारातल्या एका साडीच्या दुकानात हिशेब लिहिते, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर सिनेमा, गाणी, मालिका, बक्षिसं हाच माझा जीव की प्राण. त्यामुळे आज जे सांगणार आहे ते एका प्रेक्षक बाईचं मत म्हणून ऐका.

सुरुवात घरापासून करते, कारण माझं मत तिथेच तयार झालं. आम्ही वडगावचे. आमच्या गल्लीत तेव्हा घरटी माग होते. वडील मागावर आणि आई कांड्या भरायला. सायकलच्या जुन्या रिंगचा चरखा होता. उजव्या हाताने रिंग फिरवायची आणि डाव्या हाताच्या चिमटीतून सूत कांडीवर चढवायचं. सूत तुटलं की आई न बघता गाठ मारायची, नजर टीव्हीवरच असायची. एका साडीत किती कांड्या जातात हे तिला पाठ. पण साडी पेठेत गेली की तिच्यावर दुकानाचं नाव लागतं. वडिलांचं नाव लागत नाही, मग कांड्या भरणारीचं कुठून लागणार? ती याबद्दल कधी कुरकुरली नाही. मात्र सिनेमा संपला आणि लोक उठायला लागले की ती जागेवरून हलायची नाही. पडद्यावरून नावं वर सरकायची, इंग्रजीत, भराभरा. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. मला ढोसून म्हणायची, "कपड्यांचं कोण केलंय ते बघ की."

१९८३ साली पेपरात बातमी आली, कोल्हापूरच्या भानू अथैया यांना ऑस्कर मिळालं. मी तेव्हा दहा वर्षांची. ऑस्कर म्हणजे काय हे घरात कुणालाच धड माहीत नव्हतं. पण कोल्हापूर माहीत होतं, एस.टी.ने तीन तासांत पोचायचो. आणि बक्षीस मिळालं होतं कपड्यांना! 'गांधी' सिनेमाच्या वेशभूषेचं ते ऑस्कर त्यांना जॉन मोलो यांच्याबरोबर विभागून मिळालं. भारतीय माणसाला मिळालेलं हे पहिलं ऑस्कर. मंचावर त्यांनी अगदी थोडक्यात आभार मानले. जगाचं लक्ष भारताकडे वळवल्याबद्दल सिनेमाचे दिग्दर्शक रिचर्ड अ‍ॅटनबरो यांना धन्यवाद दिले आणि खाली उतरल्या.

तो सिनेमा आम्ही बघितला तेव्हा आई कस्तुरबांकडेच बघत होती. अंधारात माझ्या कानाशी लागून म्हणाली, "ही नवी साडी नव्हं. धुऊन धुऊन मऊ झालेली हाय. काठ बघ." मी बघितलं. खरंच, सूत बसलेलं दिसत होतं. हजारो माणसं पडद्यावर चालताहेत आणि प्रत्येकाच्या अंगावरचं कापड वापरातलं वाटतंय, हे कुणीतरी बसून, विचार करून, धुऊन, वाळवून केलेलं असतं. हे मला त्या दिवशी समजलं. सुटाबुटातला बॅरिस्टर पंचाच्या माणसापर्यंत येतो, तो प्रवास संवादांइतकाच कपड्यांनीही सांगितला आहे. भानूताईंना पुढे 'लेकिन' आणि 'लगान'साठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले. पण आमच्या घरात त्या कायम 'कोल्हापूरची बाई'च राहिल्या, अगदी जवळच्या नातेवाइकासारख्या.

माझं म्हणणं एवढंच आहे. पुरस्कार सोहळा बघायचा असेल तर तो या माणसांसाठी बघावा. नट-नट्यांची नावं आपल्याला आधीच माहीत असतात. पोस्टरवर असतात, जाहिरातीत असतात. संकलन, ध्वनी, कला-दिग्दर्शन, वेशभूषा, रंगभूषा ही कामं करणाऱ्यांना वर्षातून एकदाच, दीड मिनिटापुरता चेहरा मिळतो. आणि नेमकं तेच दीड मिनिट कापलं जातं. हे मला मनापासून लागतं.

ऑस्करचंच घ्या. पहिला सोहळा १९२९ साली झाला, तो पंधरा मिनिटांत संपला. कुणाला काय मिळणार हे आधीच जाहीर झालेलं होतं, जेवण झालं आणि बक्षिसं वाटली. वेशभूषेचा विभाग सुरू व्हायला आणखी वीस वर्षं लागली. पण त्यांची एक पद्धत मला फार आवडते. तिथे नामांकन त्या त्या कामाचे लोक करतात. संकलकांची नावं संकलक सुचवतात, वेशभूषाकारांची वेशभूषाकार. शेवटचं मतदान सगळे सभासद करतात, पण पहिल्या पाचांत यायचं तर आपल्याच धंद्यातल्या माणसांची पसंती लागते. मागवाल्याने मागवाल्याचं कापड बोटांनी चाचपून बघावं तसं आहे हे. दुकानात गिऱ्हाईक रंग बघतं, विणकर उलटी बाजू बघतो.

मग २०२२ साली त्याच ऑस्करवाल्यांनी ठरवलं की कार्यक्रम लांबतो, तेव्हा आठ पुरस्कार थेट प्रक्षेपण सुरू होण्याआधीच देऊन टाकायचे आणि त्यांची काटछाट केलेली चित्रफीत मधेमधे दाखवायची. कुठले आठ? संकलन, ध्वनी, रंगभूषा, कला-दिग्दर्शन, पार्श्वसंगीत आणि तीन लघुपटांचे. सिनेमातल्या लोकांनीच त्याला कडाडून विरोध केला. पुढच्या वर्षी निर्णय मागे घेतला आणि सगळे पुरस्कार पुन्हा थेट दाखवले. त्या २०२२च्या सोहळ्याचं लोकांच्या लक्षात काय राहिलं, तर विल स्मिथने मंचावर ख्रिस रॉकला मारलेली एक थप्पड. त्या थप्पडीबद्दल मला काही बोलायचं नाही. त्या आठ जणांबद्दल बोलायचंय.

२०२३ साली 'नाटू नाटू'ला बक्षीस मिळालं तेव्हा आमच्या गल्लीत सकाळी सकाळी मोबाइलवर तेच गाणं वाजत होतं. त्याच पहाटे 'द एलिफंट व्हिस्परर्स' या माहितीपटालाही ऑस्कर मिळालं. तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलात हत्तीच्या पिल्लांना लेकरांसारखं वाढवणाऱ्या जोडप्याची ती गोष्ट. दिग्दर्शिका कार्तिकी गोन्साल्विस बोलल्या. निर्मात्या गुनीत मोंगा बोलायला पुढे झाल्या आणि संगीत सुरू झालं. त्यांना बोलू दिलं नाही. वेळ संपली म्हणे. मी टीव्हीसमोर उभी राहिले होते. दोन बायका जगाच्या त्या टोकाला बक्षीस घ्यायला गेल्या, आणि त्यातल्या एकीला तीस सेकंद मिळू नयेत?

आपल्याकडच्या टीव्हीवरच्या सोहळ्यांबद्दल फार बोलत नाही, तुम्हीही बघता. कार्यक्रम होतो एका दिवशी आणि दिसतो काही आठवड्यांनी, कातरून. नाच राहतात, सूत्रसंचालकांची थट्टामस्करी राहते, आणि छायाचित्रणाचं बक्षीस खालच्या पट्टीत एका ओळीत उरकतं. फिल्मफेअर १९५४ साली सुरू झालं तेव्हा पुरस्कारच पाच होते. चित्रपट, दिग्दर्शक, नट, नटी, संगीतकार. बाकीच्यांचे विभाग हळूहळू वाढत गेले. विभाग वाढले, पण त्यांना वेळ काही मिळाला नाही.

राष्ट्रीय पुरस्कारांवर माझी श्रद्धा जास्त, कारण तिथे परीक्षक बसून सिनेमे बघतात आणि तालुक्याच्या गावातलं पोरही दिल्लीला जाऊ शकतं. म्हणूनच २०१८ साली जे झालं ते मनाला लागलं. ऐनवेळी कळवण्यात आलं की राष्ट्रपती फक्त अकरा पुरस्कार स्वतःच्या हस्ते देणार. पन्नासहून जास्त विजेते त्या समारंभाला गेलेच नाहीत. तेव्हा बरेच जण म्हणाले, बक्षीस ते बक्षीस, कुणाच्या का हातून असेना. मला हे पटत नाही. ज्याला आयुष्यात एकदाच बोलावणं येतं त्याने आईवडिलांना दिल्लीला नेलेलं असतं, नवे कपडे शिवलेले असतात. दुसऱ्या रांगेत उभं राहा म्हणणं सोपं असतं, ऐकणाऱ्याला ते जन्मभर पुरतं.

आता आपल्या भागाकडे येते. आपण सीमेवरची माणसं. भाषेचा प्रश्न आहे, त्याच्या सभा वेगळ्या होतात आणि मी त्यांनाही जाते. पण सिनेमा बघण्यात आपल्याला एक मिळकत आहे, ती पुण्या-मुंबईच्या माणसाला नाही. आपण दोन्हीकडचं बघतो. आमच्या मागावरचे यल्लाप्पामामा कन्नड बोलायचे आणि आई मराठी, आणि दोघं मिळून एकाच सिनेमावर तासभर वाद घालायचे. बी. व्ही. कारंत यांचा 'चोमन दुडी', गिरीश कासरवल्ली यांचा 'घटश्राद्ध' हे सुवर्णकमळाचे, म्हणजे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेले सिनेमे मामांमुळेच मला कळले. कासरवल्लींच्या चार सिनेमांना सुवर्णकमळ मिळालंय, चार! तेव्हा आपल्या मराठीचं 'श्यामची आई' त्यांना मी अभिमानाने ऐकवायचे. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक, १९५४ साली, आचार्य अत्र्यांच्या सिनेमाला. मग 'श्वास', 'देऊळ', 'कोर्ट', 'कासव'.

त्यातल्या 'देऊळ'ची गोष्ट मला सगळ्यात प्रिय आहे. २०११ सालच्या सिनेमांसाठीचं ते सुवर्णकमळ विभागून दिलं गेलं. एक मराठी 'देऊळ', आणि दुसरा 'ब्यारी'. ब्यारी ही आपल्याच कर्नाटकातल्या मंगळुरू किनाऱ्यावरच्या मुसलमान समाजाची बोली, आणि त्या बोलीतला तो पहिला सिनेमा. मोठ्या भाषेच्या शेजारी एवढीशी भाषा, एकाच पायरीवर. पेपरात हे वाचलं तेव्हा मी कात्रण कापून ठेवलं. पुढे 'सैराट' आला, बेळगावात तिकिटं मिळेनात. अकलूजच्या रिंकू राजगुरूला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला. त्याच सिनेमाचा कन्नडमध्ये 'मनसु मल्लिगे' झाला आणि नायिका पुन्हा रिंकूच. मी दोन्ही बघितले. आर्चीला कन्नड बोलताना बघणं म्हणजे आमच्या गल्लीतली पोरगीच बघणं.

आणि २०२५ साली पुन्हा 'श्यामची आई'! सुजय डहाके यांच्या नव्या सिनेमाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा पुरस्कार. म्हणजे पहिल्या वर्षी जी गोष्ट होती तीच एकाहत्तराव्या पुरस्कारांतही. त्याच समारंभात 'नाळ २'मधल्या बालकलाकारांना पुरस्कार मिळाले. चिमुकली त्रिशा ठोसर साडी नेसून राष्ट्रपतींसमोर गेली. ते दृश्य तुम्ही पाहिलं असेल. आईने काय पाहिलं सांगते. ती म्हणाली, "एवढ्या लहान पोरीला साडी नेसवायला किती कसब लागतंय! निऱ्या सुटल्या न्हाईत बघ." मी पुन्हा लावून बघितलं. पोरगी चालत गेली, बक्षीस घेतलं, परत आली, आणि नेस जागच्या जागी. कुणीतरी पहाटे उठून तिला नेसवलं असेल. आई, मावशी, कोण असेल ते.

भानूताईंची एक शेवटची गोष्ट राहिली. २०१२ साली त्यांनी आपलं ऑस्कर अकादमीकडे परत पाठवलं. रागाने नव्हे. आपल्यामागे ते नीट कोण सांभाळणार, ही काळजी होती म्हणून. २०२०च्या ऑक्टोबरमध्ये त्या गेल्या. कोल्हापूरला मी वर्षातून चार वेळा जाते. दरवेळी वाटतं, ऑस्करची ती बाहुली या गावात असायला हवी होती, काचेच्या कपाटात, रोज कुणीतरी पुसलेली. आपल्याकडे ती सांभाळायला भरवशाची जागा असती तर ती सातासमुद्रापलीकडे परत गेली असती का?

संयोजकांना आता थेट एक सांगायचंय, रागावू नका. काही वर्षांपूर्वी आपल्या भागातल्या एका एकांकिका स्पर्धेचा निकाल मी ऐकायला बसले होते. रात्रीचे बारा वाजले असतील. नेपथ्याचं पहिलं बक्षीस जाहीर झालं आणि मंचावर कुणीच येईना. तो पोरगा बाहेर टेम्पोत फळ्या चढवत होता. कुणीतरी धावत जाऊन त्याला आणलं. हातात पक्कड, मनगटापर्यंत निळा रंग. बक्षीस घ्यायला हात मोकळा हवा म्हणून त्याने पक्कड काखेत धरली. परीक्षकांनी त्याचं नाव दुसऱ्यांदा वाचलं, कारण पहिल्यांदा त्याने ते ऐकलंच नव्हतं. त्या क्षणी त्याचा चेहरा मी पाहिला आहे, आणि त्यासाठी मी अजून कितीही वेळा रात्री बारापर्यंत बसेन.

आपल्या वाचनालयाच्या स्पर्धेत गेल्या वर्षी प्रकाशयोजना, नेपथ्य आणि रंगभूषेची बक्षिसं आदल्या संध्याकाळी कार्यालयातच देऊन टाकली, वेळ वाचावा म्हणून. यंदा ती मंचावर द्या. पाहुण्यांचं भाषण दहा मिनिटांनी आवरतं घ्या, पण प्रत्येकाचं पूर्ण नाव, गावासकट वाचा, आणि तो मागून येऊन पोचेपर्यंत थांबा. मी आईला घेऊन येणार आहे. तिला आता कमी ऐकू येतं, तेव्हा पुढच्या रांगेत एक खुर्ची ठेवा. तिला नावं ऐकायची असतात.