आधी दिसलेले तारे

सिनेमा पाहून झाला. ॲप विचारतं, किती तारे देणार? आणि त्याच पानावर, सिनेमाच्या नावाखाली, इतरांची सरासरी ठळक अक्षरांत दिसत असते. तुमचं मत विचारायच्या आधीच चारचौघांचं मत सांगून झालेलं असतं. त्यामुळे आपले तारे किती हलतात, हे मोजलं गेलं आहे.

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाची 'मूव्हीलेन्स' ही साइट १९९७पासून सुरू आहे. पाहिलेल्या सिनेमांना तारे द्या, त्यावरून ती नवे सिनेमे सुचवते. डॅन कॉस्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या सभासदांसमोर त्यांनीच पूर्वी तारे दिलेले सिनेमे पुन्हा ठेवले. शेजारी साइटचा अंदाज: तुम्हाला हा इतपत आवडेल. काही सिनेमांना तो अंदाज मुद्दाम एक तारा वर दाखवला, काहींना एक तारा खाली. २००३ साली निष्कर्ष छापून आले: नवे तारे त्या खोट्या अंदाजाकडे सरकले होते. सिनेमा तोच, प्रेक्षकही तोच.

हा झाला यंत्राचा अंदाज. माणसांच्या मताचं काय? २०१३ साली छापून आलेल्या एका प्रयोगात लेव्ह मुचनिक, सिनान अरल आणि शॉन टेलर यांनी एका बातम्यांच्या साइटवरच्या १ लाखाहून अधिक प्रतिक्रिया तपासल्या. त्यातल्या काहींना, अगदी चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात तशा, सुरुवातीलाच एक खोटी पसंती देऊन टाकली. एकच! पहिल्या वाचकानं पसंती देण्याची शक्यता त्यामुळे ३२ टक्क्यांनी वाढली, अखेरचे गुण सरासरी २५ टक्के चढे राहिले. खोटी नापसंती दिली, तेव्हा मात्र पुढच्या वाचकांनी ती भरून काढली. फुगवटा टिकला, घट भरून निघाली. मला हेच सगळ्यात गंभीर वाटतं, कारण माल खपवणाऱ्याला फुगवटाच हवा असतो. शिवाय शिफारस करणारी यंत्रणा याच ताऱ्यांवर शिकते. स्वतःच दाखवलेला आकडा तिला लोकांची आवड म्हणून परत मिळतो.

यावर उपाय आहे. २०१४ साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी कॅलिफोर्नियाच्या कारभाराला नागरिकांकडून श्रेणी मागवल्या. इतरांनी दिलेली मधली श्रेणी आधी झाकलेली. आपली नोंदवली, की मगच ती दिसायची, आणि हवी तर आपली बदलता यायची. बदलणाऱ्यांचा कल मधल्या श्रेणीकडेच होता, पण कुणाचंही न पाहता दिलेलं पहिलं मत जपलं गेलं. तारे मागणाऱ्या प्रत्येक ॲपनं सरासरी अशीच झाकून ठेवावी, ही मागणी ग्राहकांनी लावून धरायला हवी.