अमेरिकेत इंटरनेटवर कर नाही, मग ऑनलाइन खरेदीवर का आहे?

(दोन कागद कॅमेऱ्यासमोर धरून)

नमस्कार मंडळी! ही दोन बिलं बघा. दोन्ही माझ्या टेक्ससमधल्या घराच्या इंटरनेटची आहेत. हे जून 2020 चं: महिन्याचे 65 डॉलर आणि त्याखाली सेल्स टॅक्स, 3 डॉलर 30 सेंट. हे जुलैचं: तेच 65 डॉलर, तोच स्पीड. पण टॅक्सची ओळ गायब.

3 डॉलर 30 चा हिशोब सोपा आहे. टेक्सस पहिल्या 25 डॉलरवर कर घेत नसे. उरलेल्या 40 वर सव्वाआठ टक्के, त्यात सव्वासहा राज्याचे आणि दोन शहर वगैरे स्थानिक संस्थांचे. मग 1 जुलैला हे सगळं एकदम का थांबलं? त्यासाठी 1998 मध्ये जावं लागेल.

तेव्हा नेट म्हणजे फोनची तार, मोडेमची ती किरकिर आणि महिन्याचे वीसेक डॉलर. राज्यांना आणि शहरांना कमाईचं नवं साधन दिसलं. कोणी म्हणे ही टेलिफोन सेवाच आहे, तिच्यावर फोनचा कर लावा. अमेरिकेत सेल्स टॅक्स लावणाऱ्या लहानमोठ्या यंत्रणा हजारोंनी आहेत, आणि प्रत्येकीचे दर वेगळे, नियम वेगळे. मुलुंडच्या किंवा दहिसरच्या जकात नाक्यावर ट्रकांच्या रांगा ज्यांनी पाहिल्यात, त्यांना ही भीती समजावून सांगायला नको. एक ईमेल दहा राज्यांतून जाते. प्रत्येकानं नाका उभारला तर?

ही भीती हवेतली नव्हती. 1898 मध्ये स्पेनशी युद्ध झालं, त्याच्या खर्चासाठी केंद्र सरकारनं टेलिफोनवर कर लावला. मधे तो उठला, पुन्हा लागला, आणि लांबच्या कॉलवरून गेला कधी, तर 2006 मध्ये! एकदा बसलेला कर लवकर उठत नाही, हे लोकांनी चांगलं अनुभवलं होतं.

म्हणून कॅलिफोर्नियाचे रिपब्लिकन खासदार ख्रिस्तोफर कॉक्स आणि ओरेगॉनचे डेमोक्रॅट सिनेटर रॉन वायडन एकत्र आले. (वायडन यांच्या ओरेगॉनमध्ये सेल्स टॅक्सच नाही.) 21 ऑक्टोबर 1998 ला क्लिंटन यांनी सही केली आणि इंटरनेट टॅक्स फ्रीडम ॲक्ट झाला. नेटच्या जोडणीवर राज्यांनी, शहरांनी नवा कर लावायचा नाही. एकाच ऑनलाइन व्यवहारावर दोन राज्यांनी कर घ्यायचा नाही. आणि दुकानात ज्या वस्तूवर कर नाही, तिच्यावर ती ऑनलाइन घेतली म्हणून कर लावायचा नाही. ज्या राज्यांचा कर आधीपासून होता त्यांना मात्र तो चालू ठेवायची सूट मिळाली, आणि टेक्सस त्यातलंच.

कायदा तीन वर्षांपुरता होता. मग मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ. 2003 च्या नोव्हेंबरपासून तर वर्षभर तो संपलेलाच होता. अखेर 24 फेब्रुवारी 2016 ला ओबामांच्या सहीनं तो कायमचा झाला आणि जुना कर घेणाऱ्या राज्यांना शेवटची तारीख मिळाली: 30 जून 2020. माझ्या बिलातली ओळ गेली ती अशी.

आता मुख्य मुद्दा, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. 'पूर्वी ऑनलाइन खरेदीला टॅक्स नव्हता, तो याच कायद्यामुळे', हे मी अनेक मराठी घरांत ऐकलंय. ते चूक आहे. ऑनलाइन खरेदीवर सेल्स टॅक्स घेऊ नका असं हा कायदा कुठेच म्हणत नाही. ती सवलत आली 1992 च्या एका खटल्यातून, आणि त्याचा नेटशी काही संबंध नव्हता!

क्विल नावाची कंपनी कॅटलॉग छापून ऑफिसचं सामान विकायची. नॉर्थ डकोटात तिचे 3,000 च्या आसपास ग्राहक, वर्षाला जवळपास 10 लाख डॉलरची विक्री. पण तिथे तिचं ना दुकान, ना गोदाम. होत्या त्या काय, तर ग्राहकांना दिलेल्या काही फ्लॉपी डिस्क. राज्य म्हणालं, या फ्लॉपी तुमच्याच मालकीच्या, म्हणजे तुम्ही आमच्या राज्यात हजर आहात, कर गोळा करा. सुप्रीम कोर्टानं ते मानलं नाही. राज्यात प्रत्यक्ष बस्तान नसेल तर विक्रेत्यावर कर गोळा करायची सक्ती नाही, असा निकाल लागला. कर माफ झाला नव्हता, तो ग्राहकानं स्वतः हिशोब करून भरायचा होता. पण तो भरायचा कोण?

पुढे नेटवरची दुकानं याच निकालाच्या आडोशानं वाढली. आमच्या भागात एक फर्निचरवाला होता. लोक यायचे, सोफ्यावर बसून बघायचे, लेबलचा फोटो काढायचे आणि टॅक्स न घेणाऱ्या साइटवरून तोच सोफा मागवायचे. हजार डॉलरचा सोफा त्याच्याकडे टॅक्समुळे साडेब्याऐंशी डॉलरनं महाग पडायचा. मला हे तेव्हाही पटत नव्हतं आणि आजही पटत नाही. नेटच्या जोडणीवर कर नको, कारण ती आता विजेसारखी गरज आहे. पण सोफा तो सोफाच. तो कुठून घेतला यावरून कर का बदलावा?

21 जून 2018 ला कोर्टानं हेच मान्य केलं. साउथ डकोटा राज्य विरुद्ध वेफेअर ही नेटवर फर्निचर विकणारी कंपनी, निकाल 5 विरुद्ध 4 मतांनी. क्विलचा निकाल मोडीत निघाला. साउथ डकोटाचा नियम होता: वर्षाला एक लाख डॉलरच्या वर विक्री किंवा 200 व्यवहार झाले की विक्रेत्यानं कर गोळा करायचा. त्यानंतर सेल्स टॅक्स असलेल्या 45 च्या 45 राज्यांनी असे नियम केले. कोल्हापुरी चपला किंवा पैठण्या स्वतःच्या वेबसाइटवरून अमेरिकेत विकत असाल तर हे तुम्हालाही लागू होऊ शकतं, दुकान कोल्हापुरात असलं तरी. मोठ्या मार्केटप्लेसवरून विकलं तर कर सहसा तीच कंपनी गोळा करते.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी आज एक काम करा. तुमचं बिल काढा. त्यात 1998 चा कायदा फक्त नेटच्या जोडणीला वाचवतो. फोन, केबल यांचे कर लागतातच. तिन्हींचं मिळून एकच पॅकेज असेल तर नेटची रक्कम वेगळी दाखवली आहे का ते बघा. ती वेगळी दाखवलेली नसेल आणि कंपनीच्या हिशोबातूनही वेगळी काढता येत नसेल, तर सगळ्या रकमेवर कर लागू शकतो. तसं दिसलं तर कंपनीला फोन करून विचारा, 'यात इंटरनेटचे किती?'