युकुलेलेची सी तार: नव्या तारा पारखताना

नमस्कार श्रोते हो.

आज युकुलेलेच्या, म्हणजे गिटारसारख्या दिसणाऱ्या चार तारांच्या छोट्या वाद्याच्या, तारांविषयी बोलणार आहे. त्यातही चारांपैकी एका तारेविषयी जास्त, कारण माझ्या मते नवा संच घ्यायचा की नाही हे तीच ठरवते. ती म्हणजे सी, आपली पेटीवरची पांढरी एक.

युकुलेले जी, सी, ई, ए असं लावतात. सीला सा धरलं तर प, सा, ग, ध. यातली जी ही तार सीपेक्षा वरच्या पंचमाची असते, म्हणून सी ही वाद्यावरची सगळ्यात खालची आणि सगळ्यात जाड तार ठरते. सगळ्यात लहान, म्हणजे सोप्रानो युकुलेलेवर तारेची कंप पावणारी लांबी जेमतेम ३५ सेंटिमीटर. एवढ्या आखूड लांबीत इतका खालचा स्वर काढायचा, तर तार जड तरी हवी नाही तर सैल तरी. सगळी अडचण इथूनच सुरू होते.

साध्या नायलॉनच्या तारांचे आकडे घेऊन पाहू. ०.५६ मिलिमीटर जाडीची ए तार ४४० हर्ट्झला लावली की तिच्यावर साधारण पावणेतीन किलोचा ताण येतो. सीसाठी ०.८ मिलिमीटरची तार घेतली तरी ताण दोन किलोच्या आसपासच राहतो. तार जाड, पण ढिली. बोट दाबलं की ती ताणली जाते आणि स्वर चढतो. वरच्या फ्रेटांवर, म्हणजे दांडीवरच्या पडद्यांवर, गेलात की जास्तच चढतो. नाद उमलायच्या आत विरतो, ठप्प असा आवाज येतो. आणखी जाड तार लावली तर ताण वाढतो, पण जाड तार ताठर असते आणि ताठर तारेचे वरचे उपस्वर बेसूर होतात.

यावरचा उपाय तारेच्या जाडीत नाही, घनतेत आहे. गेल्या काही दशकांत तारांच्या बाबतीत जे नवं घडलं, ते बहुतेक सगळं या एका शब्दाभोवती घडलं आहे.

त्यासाठी आधी थोडं मागे जाऊ. २३ ऑगस्ट १८७९ रोजी रेव्हन्सक्रॅग नावाचं जहाज पोर्तुगालच्या मदेरा बेटावरचे मजूर घेऊन होनोलुलूला पोचलं. त्यात मानुएल नुनेस, ऑगुस्टो डियास आणि जोझे दो एस्पिरिटो सांटो हे सुतारकाम जाणणारे तिघे होते. मदेरातल्या माशेट या छोट्या वाद्यावरून त्यांनी हवाईत जे घडवलं, ते युकुलेले. त्यावर मेंढीच्या आतड्यांच्या तारा असत. दुसऱ्या महायुद्धात शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी आतड्याची गरज वाढली आणि वाद्यांना तारा मिळेनात. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीन यांनी १९४०च्या दशकात गिटारसाठी नायलॉनच्या तारा केल्या, थोर गिटारवादक आंद्रे सेगोव्हियांनी त्या उचलून धरल्या आणि युकुलेलेवरही नायलॉन आलं. नायलॉन टिकाऊ, गुळगुळीत, स्वस्त. पण पाण्याची घनता १ धरली तर आतड्याची साधारण १.३, आणि नायलॉनची १.१४. म्हणजे तेवढ्याच ताणासाठी तार आणखी जाड करावी लागली, आणि त्याचा फटका सीला बसला.

पुढे इटलीतल्या अक्विला या कारखान्याने, मिम्मो पेरूफ्फो यांच्या संशोधनातून, आतड्याइतक्याच घनतेचा कृत्रिम पदार्थ तारांसाठी वापरला. त्याचं नाव नायलगट. पांढरट, हाताला किंचित खरखरीत, आवाजाला मोकळा. दुसरी वाट जपानमधून आली. तिथे १९७१ साली मासेमारीसाठी फ्लोरोकार्बनची दोरी निघाली. आपल्याकडे कोकणात गळ टाकणारे जिला तंगूस म्हणतात, तसलीच, पण पाण्यात जवळजवळ न दिसणारी. तिची घनता १.७८. मगाशी सांगितलेली ०.८ मिलिमीटरची सी तार नायलॉनऐवजी या पदार्थाची असेल, तर ताण दोन किलोवरून तीन किलोच्या वर जातो. किंवा ताण तोच ठेवून तार एक पंचमांश बारीक करता येते. बारीक, लवचिक, तरी पुरेशी ताणलेली. सोप्रानोवरची सी अशा तारेने स्पष्ट बोलू लागते, आणि हा फरक ऐकायला तरबेज कान लागत नाही.

मग सरळ फ्लोरोकार्बनच का घेऊ नये? कारण प्रत्येक वाद्याला सारखा ताण मानवत नाही. इथे एक फुकट करता येण्याजोगी चाचणी सांगते, आणि ती तुम्ही जरूर करा. नव्या तारा विकत घेण्याआधी आहे त्याच तारा दोन सुरांनी वर चढवा, म्हणजे पांढरी एकची पांढरी दोन करा. ताण हा स्वराच्या कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे एवढ्याने तो सव्वापट होतो. आता वाजवून पाहा. आवाज भरला, सी मोकळी झाली, तर तुमच्या वाद्याला जास्त ताणाचा संच हवा आहे. आवाज आक्रसला, चोंदला, तर नको. मग उलट करा. काळी पाचपर्यंत उतरवा, ताण पाचव्या हिश्शाने कमी होईल. काही युकुलेले इथे खुलतात, विशेषतः मोठ्या आकाराचे टेनर. टेनरची लांबी ४३ सेंटिमीटर, आणि ताण लांबीच्याही वर्गाने वाढतो, त्यामुळे सोप्रानोवर दोन किलो ओढणारी तार टेनरवर तीन किलो ओढते. म्हणूनच एका वाद्यावर गोड लागलेला संच मित्राच्या वाद्यावर कर्कश लागतो. मिरजेत तंबोरा घेताना गाणाऱ्याची पट्टी विचारून मगच तारा चढवतात. युकुलेलेच्या दुकानातही वाद्याची लांबी विचारूनच तारा दिल्या जायला हव्यात असं मला मनापासून वाटतं.

आता संच आणलात असं समजू. जुन्या तारा काढायच्या आधी त्यांचा आवाज फोनवर टिपून ठेवा. चारही तारा मोकळ्या, मग बाराव्या फ्रेटवर, मग ज्या गाण्याला तुमचा हात सरावला आहे त्याच्या चार ओळी. फोन कुठे ठेवला, किती लांब, हे लक्षात ठेवा. नव्या तारांचं ध्वनिमुद्रण नेमकं तसंच करायचं आहे. कान फार लवकर सरावतात. जुनी तार कशी वाजत होती हे आठवड्याने आठवत नाही, आणि नवेपणाची झळाळी खरी वाटू लागते.

तारा एकेक करून बदला, सगळ्या एकदम सोडू नका. खुंटीवर चढवण्याआधी प्रत्येक तारेची एक जुनी परीक्षा घ्या. सोळाव्या शतकातले ल्यूट या युरोपीय तंतुवाद्याचे वादक आतड्याच्या तारेची अशीच परीक्षा घेत. तार दोन्ही हातांनी ताणून धरायची आणि अंगठ्याने छेडायची. जाडी सगळीकडे सारखी असेल तर कंप पावताना दोन स्वच्छ रेषा दिसतात. कमीजास्त असेल तर मधे धूसर तिसरी रेषा थरथरते. अशी तार कितीही महाग असो, कधीच सुरात लागणार नाही. हल्लीच्या कृत्रिम तारा पुष्कळ एकसारख्या असतात, तरी सीची परीक्षा नक्की घ्या.

यानंतर थांबायचं. या तारा लावल्यावर ताणत राहतात, सूर उतरत राहतो. फ्लोरोकार्बन काही दिवसांत बसतं, नायलॉन आणि नायलगट जास्त वेळ घेतात. रोज हलक्या हाताने तार ओढून पुन्हा सुरात आणा. तोवर संच चांगला की वाईट हे ठरवू नका.

तारा बसल्या की सीवर या. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर बोट नुसतं टेकवून छेडा, घंटेसारखा स्वर निघेल. मग तिथेच दाबून छेडा. दोन्ही स्वर ट्यूनरवर पाहा. सेंट म्हणजे पेटीवरच्या लगतच्या दोन स्वरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. पाच सेंटच्या आतला फरक कानाला फारसा जाणवत नाही. दहाबारा सेंटनी दाबलेला स्वर चढत असेल, तर तार त्या वाद्याला जाड किंवा ढिली आहे. पण आधी माथ्याकडची खाच तपासा. जाड तार अरुंद खाचेत पुरती बसली नाही तर ती उंच राहते आणि सगळेच स्वर चढतात. खुंटी फिरवताना टिक असा आवाज येत असेल तर तार खाचेत अडकते आहे, पेन्सिलीचं शिसं घासा. उलट बारीक फ्लोरोकार्बन रुंद खाचेत झणझणू शकतं. तारेला दोष देण्याआधी हे पाहणं आवश्यक आहे.

पावसाळ्याचंही बोलायला हवं. मुंबई, रत्नागिरी, पणजी इथल्या हवेत नायलॉन ओलावा शोषतं आणि सूर हलतो. फ्लोरोकार्बन ओलावा जवळजवळ शोषतच नाही. लाकूड तरीही फुगतं, त्यामुळे सूर अजिबात हलणार नाही असं नाही, पण किनाऱ्यावर राहणाऱ्यांना मी फ्लोरोकार्बनकडे वळायला सांगेन. लहान मुलांच्या बोटांना मात्र मऊ नायलॉनच बरं. गाण्याच्या साथीला झंकार हवा, वाद्य साधं प्लायवुडचं असेल, तर नायलगट. सोप्रानोवर एकेक स्वर घेत धून वाजवणार असाल, तर फ्लोरोकार्बन. स्टीलच्या तारा कुठल्याही युकुलेलेवर चढवू नका. तो ताण घोडी उखडून काढील.

आणखी एक मोकळीक घ्या. संच मोडायला काही हरकत नाही. तीन तारा नायलगटच्या आवडल्या आणि सी नाही आवडली, तर सी दुसऱ्या पदार्थाची लावा. धातू गुंडाळलेली सीही मिळते. ती बारीक आणि दमदार असते, पण बोट सरकताना चिरकते आणि बाकीच्या तिघींपेक्षा वेगळी ऐकू येते. मला ती साथीत चालते, एकल वादनात नाही. कुठली तार कुठून घेतली आणि तिची जाडी किती, हे वाद्याच्या पिशवीत एका चिठ्ठीवर लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या खेपेला दुकानात नेमकं सांगता येईल.

नमस्कार.