मोरीतलं तेल कोण पचवतं?

नमस्कार श्रोतेहो. गड्डा यात्रेच्या दिवसांत होम मैदानावर भजी-वड्यांच्या कढया रात्री उशिरापर्यंत तापलेल्या असतात. एरवीही आपल्या सोलापुरात फरसाणवाले आणि खानावळी यांचा सगळा व्यवहार तेलाशीच. रात्री कढया, झारे, पराती घासल्या की ते पाणी मोरीत जातं. पुढं ते स्वच्छ करायचं काम सूक्ष्मजीवांच्या माथी येतं, आणि त्यांचं ऐकून घेणारं कुणी नसतं.

सांडपाणी शुद्ध करणाऱ्या हवाबंद टाकीत हे काम एकट्यादुकट्याचं नाही. काही जिवाणू लायपेज हे विकर (एन्झाइम) सोडून तेलाचं ग्लिसरॉल आणि मेदाम्लं करतात. मग सिंट्रोफोमोनाससारखे जिवाणू या लांबलचक मेदाम्लांचे दोन-दोन कार्बन तोडत जातात. त्यातून ॲसिटिक आम्ल आणि हायड्रोजन निघतो. पण हा हायड्रोजन साचू लागला, की तोडणाऱ्यांचं कामच अडतं. शेजारच्या, मिथेन हा जळणाचा वायू बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांनी तो लगोलग संपवला तरच गाडं पुढं सरकतं. मिथेनवाले उपाशी राहत नाहीत आणि तोडणारे अडत नाहीत, असा हा एकमेकांवाचून न चालणारा शेजार आहे.

मोबदलाही चांगला मिळतो. हिशेबानं एक ग्रॅम तेलातून जवळजवळ एक लिटर मिथेन निघू शकतो. तेवढ्याच पिष्टातून अर्धा लिटरही नाही.

मग बिघडतं कुठं? तेल एकदम आलं की मेदाम्लं टाकीतल्या गाळाच्या, म्हणजे या जीवांच्या वस्तीच्या, कणांना चिकटतात. आतल्या जीवांपर्यंत अन्न पोचत नाही, गाळ हलका होऊन तरंगतो आणि पाण्याबरोबर चक्क वाहून जातो. नवी वस्ती तयार व्हायला आठवडे लागतात, कारण ही मंडळी फार सावकाश वाढतात. म्हणून तेल थोडं थोडं द्यायचं आणि मधे उसंत द्यायची. सवय झालेला गाळ पुष्कळ तेल पचवतो.

त्याआधी ग्रीस ट्रॅप, म्हणजे मोरीच्या पाण्यातलं तेल अडवून धरणारी पेटी, हवाच. झाकण उचलून बघा, वर सायीसारखा पिवळट थर धरलेला दिसेल. तो वेळच्या वेळी काढला नाही, तर ट्रॅप असून नसल्यासारखाच. नियमानं नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात तेल-ग्रीस लिटरमागे 10 मिलिग्रॅमपर्यंतच चालतं, गटारात 20.

खानावळवाल्या दादांना, ताईंना माझी कळकळीची विनंती आहे: कढई धुण्याआधी कागदानं किंवा भुशानं पुसून घ्या. जळकं तेल मोरीत ओतूच नका. डब्यात साठवा आणि बायोडिझेलसाठी ते गोळा करणाऱ्यांना द्या.