वाड्यातली माया आणि थेऊरचा घाट

नमस्कार मंडळी.

राजदरबाराच्या पार्श्वभूमीवरच्या प्रेमकथा हा आजचा विषय. मराठी वाचकापुढे हा विषय काढला की त्याला सिंहासन आणि झुंबरं आठवत नाहीत, त्याला शनिवारवाडा आठवतो. खरी गादी साताऱ्याला, पेशवे म्हणजे छत्रपतींचे प्रधान. तरीही मराठीत दरबारी प्रेमाचं घर म्हणजे पुण्याचा हा वाडाच. या घराची पायाभरणी 1730 सालची, आणि 1828 च्या आगीत आतलं सगळं जळून गेलं. उरली ती तटबंदी, दरवाजे आणि जोती. म्हणजे आपल्याला माहीत असलेला वाडा, त्याचे चौक, दिवाणखाने, माजघरं, देवघरातला तो समईचा उजेड, हे सगळं बहुतेक कादंबरीकारांनी आपल्यासाठी पुन्हा उभं केलेलं आहे.

त्यातल्या दोघांबद्दल मला आज बोलायचं आहे. रणजित देसाई यांची 'स्वामी' 1962 साली आली. माधवराव पेशवे आणि रमाबाई यांची ती कथा. ना. सं. इनामदार यांची 'राऊ' 1972 सालची, ती बाजीराव आणि मस्तानीची. आपल्यापैकी कितीतरी घरांत ही दोन पुस्तकं भारतातून येताना बॅगेत घालून आणलेली आहेत, हे आपल्या वाचनकट्ट्यावर मी पाहिलं आहे. पानं पिवळी पडलेली, पहिल्या पानावर कुणाच्या तरी लग्नाची तारीख, 'सप्रेम भेट' असं लिहिलेलं.

या कादंबऱ्यांत प्रेम आहे, पण दोघांना एकांत नाही. मला वाटतं त्यांची खरी ताकद इथेच आहे. वाड्यात कारकून आहेत, आश्रित आहेत, सोवळ्यातल्या वडीलधाऱ्या बायका आहेत, दाराशी खिजमतगार आहे. नवरा मोहिमेवरून आला की आधी आईच्या पाया पडायचं, मग दप्तर, मग मुत्सद्दी, आणि या सगळ्यातून उरला तर बायकोसाठी थोडा वेळ. देसाईंनी माधवराव-रमाबाईंचं नातं या उरलेल्या वेळातच फुलवलं. म्हणून त्यांच्या एखाद्या साध्या चौकशीलाही वजन येतं.

कागदपत्रांत मात्र हे काही सापडत नाही. पेशवे दप्तरातले कागद वाचले तर फौजा, खंडण्या, कर्ज, वैद्य, मुंजी, लग्नं, सगळं आहे. माधवराव 1761 साली सोळाव्या वर्षी पेशवे झाले, पानिपताचा घाव ताजा असताना. दोन वर्षांनी राक्षसभुवनला निजामाचा पराभव केला. काका राघोबांशी भांडण शेवटपर्यंत सुटलं नाही. क्षयाने पोखरलेल्या या माणसाने अंथरुणावरून जी शेवटची याद करून ठेवली, तीत राज्यावरचं कर्ज फेडण्याची काळजी आहे. मरताना कर्जाची चिंता वाहणारा सत्तावीस वर्षांचा पेशवा! त्याच्या मनात बायकोविषयी काय होतं ते कागद सांगत नाहीत. तिथे कादंबरीकाराला पुढे यावं लागतं, आणि ते त्याने यावं असं मला मनापासून वाटतं.

मस्तानीच्या बाबतीत तर कागद आणखीनच गप्प आहेत. 1729 साली छत्रसालाच्या मदतीला बाजीराव बुंदेलखंडात धावून गेले, त्यानंतर ती पुण्यात आली. बाजीराव निजामाचा मुलगा नासिरजंग याच्यावरच्या स्वारीत गुंतलेले असताना घरच्यांनी तिला नजरकैदेत ठेवलं. एप्रिल 1740 मध्ये नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीराव वारले, आणि मागोमाग तीही गेली. तिची कबर पाबळला आहे. या एवढ्याशा धाग्यांवर इनामदारांनी एक पूर्ण बाई उभी केली. तिला त्यांनी नाचगाण्यापुरती ठेवली नाही. इथल्या आपल्या मुलांना मस्तानी माहीत आहे ती 2015 च्या हिंदी चित्रपटातून. त्या चित्रपटाचा आधार 'राऊ'च, पण त्यात काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतात. पेशव्यांच्या घरातली बाई असं चारचौघांत नाचेल हे मला कधीच पटणार नाही. मुलांच्या हातात 'राऊ' द्या. मराठी वाचता येत नसेल तर रोज दहा पानं वाचून दाखवा.

पुण्याला गेलात तर राजा दिनकर केळकर संग्रहालयात मस्तानी महाल पाहा. कोथरूडला होता, तो सोडवून आणून तिथे पुन्हा मांडला आहे. आत उभं राहिलं की जाणवतं, खोली केवढी लहान आहे. पडद्यावरच्या आरशांच्या महालाशी तिचं काही नातं नाही. नक्षीदार लाकडी खांबांमधली ती बेताची जागा पाहून मला 'राऊ' जास्त कळली.

आता जरा अवघड गोष्ट. 'स्वामी'चा शेवट. नोव्हेंबर 1772, थेऊर. चिंतामणीच्या सान्निध्यात माधवराव गेले आणि रमाबाई सती गेल्या. हा इतिहास आहे, देसाईंनी तो रचलेला नाही. आमच्या पिढीने ती पानं रडत वाचली. प्रेमाची परमावधी म्हणूनच वाचली. आपल्या वाचनकट्ट्यावर ती पानं वाचून झाल्यावर इथेच जन्मलेल्या एका पंधरा वर्षांच्या मुलीने विचारलं, "तिला कुणी थांबवलं का नाही?" खोलीत कुणी बोललं नाही. मग एका काकूंनी "तो काळच तसा होता" असं सांगितलं.

काळ तसा होता, हे खरं. पण तेवढंच खरं नाही. बाळाजी विश्वनाथ 1720 साली गेले, राधाबाई सती गेल्या नाहीत. पुढे कित्येक वर्षं त्या घराचा आधार होत्या. बाजीरावांच्या मागे काशीबाई जगल्या. नानासाहेबांच्या मागे गोपिकाबाई जगल्या, त्या तर रमाबाईंच्या सासूबाई. त्याच घरात, लागोपाठ तीन पिढ्या. आणि होळकरांकडे, 1754 साली कुंभेरीला खंडेराव पडले तेव्हा मल्हाररावांनी सुनेला चितेवर चढू दिलं नाही. ती सून म्हणजे अहिल्याबाई. महेश्वरचे घाट, काशीचं विश्वनाथाचं मंदिर, ठिकठिकाणच्या धर्मशाळा आणि बारवा, हे सगळं त्या एका नकारातून उभं राहिलं.

तेव्हा त्या मुलीचा प्रश्न अगदी योग्य होता. थांबवता येत होतं, थांबवणारे होते. रमाबाईंचं दुःख खरं, माधवरावांवरचा जीव खरा, देसाईंची लेखणी तर अप्रतिमच. पण आगीला प्रेमाचा मुकुट मानून ती पानं आपण मुलांच्या हाती देऊ नयेत. थेऊरला नदीकाठी रमाबाईंचं वृंदावन आहे. बायका तिथे हळदकुंकू वाहतात. मीही हात जोडले आहेत, आणि पुढेही जोडीन. मात्र सोबतच्या लेकीला तिथेच काशीबाईंची आणि अहिल्याबाईंची गोष्ट सांगावी, असा माझा आग्रह आहे.

कुणी म्हणेल, कादंबरीला इतकं कशाला तपासायचं, ती रस घ्यायला असते. मान्य. पण आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरी नुसती करमणूक म्हणून कुणी वाचत नाही. आपल्या पूर्वजांची ओळख बहुतेकांना तिथूनच झाली. परदेशात तर ते आणखी खरं, कारण इथे शाळेत पेशवे शिकवायला कुणी नाही. मुलांना जे कळेल ते आपण वाचून दाखवू तेवढंच.

म्हणून पुढच्या बैठकीसाठी इनामदारांचीच 'शिकस्त' सुचवते. सदाशिवरावभाऊंच्या पार्वतीबाईंची कथा. भाऊ पानिपतावर पडले, पण पार्वतीबाईंनी ते कधीच मानलं नाही. त्यांनी कुंकू पुसलं नाही आणि त्या त्याच वाड्यात वाट पाहत राहिल्या. पुढे भाऊंचा तोतया उभा राहिला, त्यावरून सगळं पुणं हादरलं. दोन प्रती माझ्याकडे आहेत, आणखी कुणाकडे असतील तर आज चहाच्या वेळी नाव सांगा. त्या पंधरा वर्षांच्या मुलीने पहिलं प्रकरण वाचून दाखवायचं कबूल केलं आहे.

धन्यवाद.